सुट्टीचे सुट्टे

पतसंस्थेच्या काउंटरवर रोज
माझ्या बोटांखालून तीन-चार लाख जातात.
अंगठा ओला करायचा, मोजायचं, रबर लावायचं.
दहाची नोटसुद्धा कधी पदरची भरली नाही.

आणि मालवणात, तळाशिलकरांच्या वरच्या खोलीत,
पोरं झोपल्यावर,
दोनशे द्यावेत की तीनशे
यावर मी आणि मंदार साडेअकरापर्यंत बसलो होतो,
पंख्याच्या खडखडाटात, हळू आवाजात.

तो म्हणाला, दोघांना सारखे.
मी म्हटलं, वल्लरी अकराची, ओजस सातचा.
तो म्हणाला, गोळेवाला काय वय विचारतो?
मी म्हटलं, हरवेल गं बाई हा.
हरवू दे की, म्हणाला, त्यासाठीच तर द्यायचे.
हे मला पटलं नाही.
अडीचशेवर मिटलं.
का अडीचशे, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

सकाळी घावन खाताखाता वाटप.
तीन दिवसांचे आहेत, म्हटलं, मागाहून मिळणार नाहीत.
ओजसने ओल्या हाताने चड्डीच्या खिशात कोंबले.
वल्लरीने घडी घातली, पर्सची चेन ओढली,
चेन लागली का ते पुन्हा पाहिलं.
मंदारने माझ्याकडे पाहिलं.

धक्क्यावर पोचेपर्यंत ओजसचे साठ गेले.
एक शिट्टी, वाऱ्यात वाजतच नव्हती.
किल्ल्यावरून परतल्यावर कोकम सरबत, अर्धं शर्टाने प्यालं.
दुसऱ्या दिवशी तारकर्लीला एक शंख,
त्यावर लाल अक्षरात 'मालवण'.
हा शंख इथला नाही, हे विकणाऱ्यानेच सांगितलं,
तरीही.
संध्याकाळी स्वारी कफल्लक,
आणि चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नाही.
बहिणीला म्हणाला, वीस दे ना.
"घरी गेल्यावर पंचवीस देशील?"
सगळे हसले. मी जरा कमी हसले.

सरबतवाला मुलगा तिच्याच वयाचा असेल.
शंभराचे सुट्टे त्याने न बघता दिले,
नुसत्या बोटांनी, माझ्यासारखे.
परतताना वल्लरीने विचारलं,
"त्याला सुट्टीत किती देतात गं?"
मंदार गाडी कुठे लावली ते आठवू लागला.
मी त्याला मदत केली.

मला आठवलं ते वेंगुर्ल्याचं बंदर.
चौथीत होते. बाबांनी पाचाची नोट दिलेली,
हिरवी, मागे ट्रॅक्टर.
एक बाई टोपलीत खाजं घेऊन बसली होती,
गूळ आणि आल्याचा वास पार पायऱ्यांपर्यंत.
मी तिच्यासमोरून तीनदा गेले.
रात्री नोट तशीच बाबांना परत.
शहाणी गं माझी पोर, म्हणाले, सगळ्यांसमोर.
ना ती नोट मी मोडली,
ना तो शब्द आजवर.
पण नोट घेण्याआधी
ते क्षणभर थांबले होते, हात पुढे न करता.
ते थांबणं मी हिशेबात कधी धरलंच नाही.

तिसऱ्या दिवशी बॅगा भरताना
वल्लरी पर्स घेऊन आली.
"हे घे. दोनशे तीस. वीस ओजसकडे येणं आहे."
आणि उभी राहिली.
कशासाठी उभी आहे, मला ठाऊक होतं.
शब्द जिभेवर आलाही होता, तयार, माझ्याच बापाच्या आवाजात.
हात मात्र पुढे गेला नाही.

"निघायला अजून अर्धा तास आहे," मी म्हटलं.
"पण मला काहीच नकोय."
"मलाही काहीच नको होतं."
तिला ते कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.
"सगळे संपवायला लागतील का?"
"माहीत नाही गं. खरंच माहीत नाही."

डिकीत शेवटची पिशवी कोंबत मंदार विचारतो,
ही कुठे गेली?

रस्त्यापलीकडे, खाज्याच्या दुकानासमोरून
पर्स पोटाशी धरून
ती दुसऱ्यांदा जात होती.