चुंबळ

लोबो मास्तरांचं लॅटिन मिस्साच्या वेळचं,
सातव्या वर्षी पाठ केलेलं, अर्थ न कळता.
आता एकाहत्तराव्या वर्षी, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
ते आम्हाला त्याचे अर्थ वाटतात.
सोमवारी, बुधवारी; वीज असली तर शुक्रवारीही.

'पोर्ट,' म्हणाले, 'म्हणजे वाहून नेणं.'
गिरपांच्या नीलेशने खिडकीबाहेर बंदराकडे बोट केलं.
'तो पोर्ट वेगळा, बाबा. लॅटिनात शब्द दोन.
वेंगुर्ल्यात मात्र एकाच बाईच्या डोक्यावर दोन्ही.'

मग फळ्यावर एकेक उपसर्ग पुढे येऊन बसला
आणि सुकाणू फिरवावं तसा शब्द वळत गेला.
इम्, आत.
एक्स, बाहेर: ती मोठी कोळंबी, जी आमच्या ताटात कधी आली नाही.
ट्रान्स, पलीकडे. रि, परत.
सब, खाली; पण समोर प आला की ब मुकाट प होतो.
'शेजाऱ्याचं वळण लागतं,' मास्तर म्हणाले.
सपोर्ट. खालून वाहणं.

'काय शिकवल्यान आज?' आयेने पाटी धुताना विचारलं.
मी सगळं फोडून सांगितलं.
'मगे चुंबळ म्हण ना सरळ!
एवढ्यासाठी पाचशे रुपये घेता तो?'
जुन्या लुगड्याची चुंबळ, मिठाने ताठ झालेली.
तेवीस वर्षं ती इंग्रजी डोक्यावर ठेवते आहे.

बुधवारी डि आला.
दूर, सुटं, खाली.
मास्तरांनी चार शब्द लिहिले, पाचव्याला खडू संपला.
पाचवा मला पाठ होता.
दादा मस्कतहून आला, एक पिशवी घेऊन,
पासपोर्टवर तो शिक्का.
'काय लिवलाहा?' आयेने विचारलं होतं.
मलाही नीट ठाऊक नव्हतं. तरी मी वाचलं, 'सुट्टी.'

आज पहाटे लिलाव संपल्यावर
दादा जेटीवर आला, कुणी न बोलावता.
वाकला, बांगड्यांनी भरलेली पाटी दोन्ही हातांनी उचलली
आणि आयेच्या डोक्यावर टेकवली.
पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

चार महिने झाले. तिने एकदाही विचारलेलं नाही
सुट्टी संपते कधी.
मान सरळ केली, चुंबळ जरा डावीकडे सरकवली
आणि चालू लागली.