बिल्ला नंबर एकशे चौदा

जुम्म्याची नमाज उरकली की साडेतीनच्या सुमाराला
सलमाबादची शटरं परत वर जातात.
तिसरा शुक्रवार, तीच गल्ली,
एका ड्रिलपायी.

मलबारी कुंजुमोननं खोकं उघडायच्या आधीच सांगितलं,
साडेअठरा दिनार, लास्ट प्राइस, भाई.
मी म्हटलं, पंधरा.
त्यानं चहा मागवला.
चहा मागवला म्हणजे सतरापर्यंत उतरणार.

पलीकडच्या दुकानात तेच मशीन, तोच हिरवा रंग,
खोक्यावरच्या नावात मात्र एक अक्षर जास्त,
आणि किंमत निम्मी.
हातात घेतलं. हलकं.
चक फिरवला तर बोटाखाली किंचित डोलला.
दुकानदार वॉरंटीचं सांगत होता,
मी चकचं ऐकत होतो.

रात्री वरच्या बंकवर पडून मोबाइलवर बघितलं:
सोळा दिनार नऊशे फिल्स, घड्याळ उलटं धावतंय,
फक्त दोन शिल्लक.
सकाळी उठलो, दोन शिल्लक.
आठवड्यानं बघितलं, दोनच.
पत्ता मागतात: इमारत, रस्ता, ब्लॉक.
कॅम्प, खोली नऊ, पाण्याच्या टाकीमागं
हे कुठल्या चौकटीत भरायचं?

खालच्या बंकवरचा शिवप्पा म्हणाला, बॅटरीवालं घे,
तुमच्या गावात लाइट असते कुठे?
म्हटलं, बॅटरी एअरपोर्टवर बॅगेतून उपसून काढतील.
आणि वजन?
तीस किलोची यादी पुठ्ठ्यावर लिहून ठेवलीय,
यंदा परतीचं तिकीट नाही, म्हणून यादी लांब.
ड्रिल दोन किलो आठशे,
म्हणजे दुधाच्या पावडरीचा मोठा डबा कमी.

मुदस्सरला फोटो पाठवला.
उलट त्याचाच फोटो आला:
तेच मशीन, तेच खोकं,
मंगळवारी बाणकोटला घरपोच, चारशे रुपयांनी स्वस्त.
अब्बा, उगाच ओझं वाहू नका.

बरोबर आहे त्याचं.
पहिल्या रजेवर मी टेपरेकॉर्डर नेला होता
तेव्हा मोहल्ला आधी खोकं बघायला आला.
टेप बिघडला,
खोक्यात वर्षभर सुकं मासळं राहिलं.
आता माझ्या आधी खोकं गावात पोचतं.

मी बराच वेळ मोबाइल छातीवर ठेवून पडलो.

कंपनीच्या टूलरूममध्ये पितळी बिल्ले असतात.
आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा, ड्रिल उचलायचं,
पाचला ड्रिल ठेवायचं, बिल्ला घ्यायचा.
बावीस वर्षं माझ्या हातात ड्रिल होतं,
पाचपर्यंत.
किती भोकं पाडली असतील,
एसीसाठी, पाइपासाठी, दुसऱ्यांच्या पडद्यांसाठी.
खोलीत मात्र माझा आरसा
पहिल्या दिवसापासून खिडकीच्या कठड्याला टेकून.

आज परत कुंजुमोनकडे.
तो म्हणाला, तुमच्यासाठी साडेसोळा.
म्हटलं, आधी लावून दाखव.
त्याच्याकडे काँक्रीटचा एक ठोकळा आहे,
गिऱ्हाइकांनी चाळणी केलेला.
आठचं बिट घातलं, कोपर बरगडीला लावलं,
दाबलं.
भुकटी चपलेवर पडली.
दुकानातली बोलणी थांबली होती का,
की मलाच ऐकू आली नाहीत, माहीत नाही.

बिल कुणाच्या नावावर, कुंजुमोननं विचारलं.
तोंडातून एकशे चौदा निघालं.
तो पेन धरून थांबला.
मग नाव सांगितलं, स्पेलिंगसकट,
अब्दुल सत्तार इब्राहिम परकार,
शेवटच्या अक्षरापर्यंत.

मुदस्सरला लिहिलं: तुझं तू मागव.
हे माझं.

बिटांचा डबा फुकटात घेतला, हुज्जत घालून.
बस स्टॉपवर उघडून बघतो
तर सहाचं बिट नाही.
पाऊण किलोमीटर, ऊन तसंच,
गेलो परत.