उसनी अक्कल

लियेपायात, बंदरामागच्या इमारतीत,
पाचव्या मजल्यावर इल्मार्सचा टीव्ही
बारा वर्षांपूर्वी शहाणा होता.
खोक्यावर तसं छापलेलंच होतं, आणि ते खोकं
अजून कपाटावर आहे, हिवाळी बुटांनी भरलेलं.

मग एकेक करून त्याच्या खिडक्या मिटल्या.
आधी हवामान. मग सिनेमे. मग मालिकांनी
राखाडी पाटी लावली: या उपकरणावर
ही सेवा आता उपलब्ध नाही.
शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात,
ह्याला शब्दच कळेनासे झाले.

"क्रेनवरून मलाही असंच उतरवलं," इल्मार्स म्हणाला.
"हात चांगले होते. फक्त पडदा नवीन आला."

मुलीने बर्गनहून काडी पाठवली,
बोटाएवढी, काळी, टीव्हीच्या पाठीत खुपसायची.
मी चौथ्या मजल्यावर राहते, बस चालवते.
वायरी मला कळतात असा माझ्याविषयी
इमारतीत एक गैरसमज आहे.

टीव्ही भिंतीला इतका चिकटलेला
की मागे हात जाईना.
मोबाइलच्या उजेडात, गाल भिंतीला टेकून पाहिलं:
तीन भोकं. एकात धूळ,
एकात मेलेली माशी,
तिसऱ्यात वेल्ताचा डीव्हीडी प्लेअर,
ती गेल्यापासून दोन वर्षं कुणी न काढलेला.
"तो राहू दे," इल्मार्स म्हणाला.
मी माशी काढली.

काडी बसली. पडदा काळाच.
टीव्हीच्या यूएसबीतून तिला पुरेसा जोर मिळेना;
उठायची, स्वतःचं नाव सांगायची, पुन्हा निजायची.
मग एका जुन्या फोनचा चार्जर,
रेडिओचा प्लग उपटून त्या जागी.
मग रिमोटवर सोर्स. सोर्स. पुन्हा सोर्स.
आणि खोली एकदम निळी झाली,
खोलीतली बशी, चष्म्याची काच, राय ब्रेडचा चुरा.

"म्हणजे आता हा नुसता पडदा," तो म्हणाला,
"आणि अक्कल उसनी."
"हो," म्हटलं. "चालतं तसं."

पासवर्ड साखरेच्या डब्यावर,
झाकणाच्या आतल्या बाजूला, वेल्ताच्या अक्षरात.
बाणांनी एकेक अक्षर गाठत गेलो,
दोनदा चुकलो, मोठा 'के' आणि लहान 'के'.
शेवटी तिने तीन उद्गारचिन्हं दिली होती.
"मीठही असंच घालायची," तो म्हणाला.

कोण पाहतंय? पडद्याने विचारलं.
चौकोन एकच: वेल्ता.
खाली: पुढे पाहा. शेवटचा भाग. अकरा मिनिटं बाकी.

आपण आता निघावं असं मला वाटलं.
मी कोटाची बाहीसुद्धा शोधली.
"बस, झाइगा. खून कुणी केला
यावर आमची पैज आहे."
पैज पाच लाट्सची. ते चलन केव्हाच बंद झालेलं,
नाणी बटणांच्या डब्यात पडलेली,
प्रत्येकावर उसळी मारणारा मासा.
म्हणून तर दोघं पैजा लावायचे, बिनधास्त.
वेल्ता म्हणे औषधवाला. हा म्हणे पाद्री.

अकरा मिनिटं. मध्ये दोनदा चित्र अडकलं,
एक चकती गोल गोल फिरत राहिली
आणि पाद्री उघड्या तोंडाने
दारात उभा.

औषधवालाच निघाला.

इल्मार्स काही बोलला नाही.
डबा आणला, बटणं बोटाने बाजूला सारून
पाच नाणी मोजली,
टीव्हीवर ठेवायला गेला,
पण टीव्हीला तेवढी कडच नव्हती.
"जाड होते तेव्हा बरे होते," तो म्हणाला
आणि खाली डीव्हीडी प्लेअरवर
एकावर एक रचली.

तेवढ्यात काडीने आपण होऊन
दुसरीच कुठली मालिका काढली आणि कोपऱ्यात
मोजायला लागली: पाच, चार...
"हिला थांबवायचं कसं?" त्याने विचारलं.

मला माहीत नव्हतं.