एकसष्ट टक्के

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी निघालो.
त्याआधी तीन महिने गाडी सोसायटीत उभी:
जुनी ट्रॅव्हलर, तेरा सीटा उपटून काढलेल्या,
सातपूरच्या एका शेडमध्ये मीच तिला प्लायवूडचं पोट बसवलं,
डोक्यावर दोन पॅनल, साडेतीनशे वॅटचं एकेक.
बोरस्त्यांनी नोटीस डकवली:
पार्किंगमध्ये घर बांधू नये.
नलू म्हणाली, बरोबरच आहे त्यांचं,
घराला चाकं असतील तर घरानं निघावं.

एकतीस वर्षं मी ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळल्या.
दुसऱ्यांची वीज वर चढवली, खाली उतरवली,
माझ्या नावचं एक युनिट नव्हतं त्यात.
आता सीटमागे एक हिरवा आकडा लुकलुकतो
आणि मी त्याच्याकडे
आजाऱ्याच्या ताटाकडे बघावं तसा बघतो:
आज किती गेलं पोटात?

द्वारका ओलांडली. आडगाव.
ओझरवर एक विमान
तेच ते वर्तुळ पुन्हा पुन्हा गिरवत होतं.
कुठपर्यंत जायचं रे, नलूनं विचारलं,
वर्षभर नकाशे बघून झाल्यावर.
उत्तरेला, मी म्हटलं.
हे काही उत्तर नाही, म्हणाली,
आणि तिळगुळाचा डबा उघडला.

पहिला मुक्काम घरापासून तीस किलोमीटरवर.
हसा खुशाल.
चटणी वाटायला मिक्सर लावला आणि इन्व्हर्टरनं मान टाकली,
मला वायर बदलायची होती आणि उजेड संपत आला होता.
पिंपळगावच्या अलीकडे, सर्व्हिस रोडला लागून,
कारभारी मोगलांची द्राक्षबाग.
त्यांनी बॅटरीचा झोत आधी नंबरप्लेटवर मारला, मग आमच्यावर.
एमएच पंधरा बघून हसले.
घर विकलं का?
नाही, कुलूप लावलंय.
मग हे काय?
नलू म्हणाली, हे त्या घराचं माहेर.
मला अजून कळलेलं नाही तिला काय म्हणायचं होतं.
मोगलांना कळलं असावं. त्यांनी पाण्याची नळी आणून दिली.

रात्री पारा सहावर.
तीन वाजता काचेवर केशरी काहीतरी हललं.
बागेत बांधाबांधाला शेकोट्या,
घड थंडीनं तडकू नयेत म्हणून
मोगल आणि त्यांची सून भुसा टाकत, धूर राखत फिरत होती.
आम्हीही उतरलो. काही विशेष केलं नाही.
एक पाटी इकडून तिकडे नेली,
डोळे चोळले, तिळगुळ वाटला.
इतक्या रात्री द्राक्षं पहिल्यांदाच पाहिली,
काळी, गप्प, ताप मोजत पडलेल्या पोरांसारखी.

उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही,
हा नलूचा नियम, गाडीतही.
म्हणून गाडीचं नाक उत्तरेला, आमची डोकी मागच्या दाराशी.
सकाळी मी छतावर चढलो, पॅनलचे पाय उचलले.
पौषातलं ऊन दक्षिणेकडूनच येतं,
तिकडेच तोंड करावं लागतं त्यांना.
खालून नलू बघत होती.
दक्षिणेकडे तोंड करून जेवू नये म्हणतात,
तुझी गाडी तर रोजच जेवणार.
मग थोडं थांबून:
म्हणजे जिथे थांबू तिथे हिला मागे वळून बघावं लागणार.
मी नट आवळत होतो. हो म्हटलं.
खरं तर कोनाचं गणित महिनाभर केलं होतं,
हे मात्र त्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चांदवडच्या घाटाखाली, ढाब्याच्या मागे,
बोरस्त्यांचा फोन.
तुमच्या जागेवर ऑइलचा डाग राहिलाय,
कधी पुसताय?
आवाजात नेहमीची धार नव्हती.
असू द्या, म्हटलं, परत तिथेच लावायचीय.
बरं, म्हणाले. मग: थंडी आहे का तिकडे?
साठ-सत्तर किलोमीटरवर काय वेगळी थंडी असणार.
आहे, म्हटलं.

नलूनं कानातली मशीन चार्जिंगला लावली,
पंख्याचं बटण उगाच एकदा दाबून बघितलं.
एकसष्ट टक्के.
पुरेल? तिनं विचारलं,
आणि मी काही बोलायच्या आत
दिवा मालवला.