मतदानाच्या आदल्या दिवशी, दिंडोरी रोड

प्रीकूलिंगमधून कंटेनर निघाला तेव्हा
तिकडे अजून प्रचार चालू होता.
बावीस दिवसांनी द्राक्षं उतरतील
तेव्हा तो देश एक असेल की दोन,
बिलावर तसा रकाना नाही.

इयनचा मेल: आम्ही 'हो' म्हणणार, हेमांगी.
खाली ताजा कलम:
पेमेंट जुन्याच चलनात धर, जमलं तर.

बँकेतल्या गायधनींनी चष्मा काढला.
"नव्या चलनाचा भाव कुठून सांगू, ताई?
पाळणा हलायच्या आधी पत्रिका मागताय."
विमावाल्यानं हप्ता वाढवला, न बोलता.

बाबा तीस वर्षं नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये.
कागद बोटांत चोळून आवाज ऐकायची सवय
अजून गेली नाही; लग्नपत्रिकाही तशीच बघतात.
म्हणाले, छापणं सोपं गं.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग: पण वेगळं राहावंसं वाटतंच माणसाला.

मी वेगळी राहिले तेव्हा
गॅसचं कार्ड सासऱ्यांच्या नावावर होतं.
आठ महिने स्टोव्ह, रॉकेल काळ्या बाजारातलं,
भाकरीलाही वास.
परत नाही गेले.

इयनला लिहिलं: निम्मे पैसे
माल उतरायच्या आधी पाठव.
आणि उद्यासाठी शुभेच्छा.
दुसरी ओळ दोनदा खोडली,
मग राहू दिली.