सहावा कुसू

मुहर्रकच्या गल्लीत दुपारी सावली वीतभर पडते.
तेवढ्यात आम्ही डबे उघडतो: मी, गिलाव्याचा इदरीस,
आणि डोरीनबाई, जिच्या सहीशिवाय
या घराचा खिळासुद्धा उपटायचा नाही.

बाई गॅल्व्हस्टनची. तेही आखातच, म्हणते,
फक्त दुसरं.
तिच्या पणजीच्या लहानपणी समुद्र एका रात्रीत गावात आला.
मग उरलेल्यांनी घरं उचलली.
उचलली म्हणजे?
जॅक लावून, बोट-बोट. चर्चसुद्धा.
खाली पंपाने वाळूचा चिखल भरला,
आणि कित्येक वर्षं लोक फळ्यांवरून चालत
शेजारी मीठ मागायला गेले.

इदरीस हसला. मला नाही आलं हसू.
दाभोळला भरती उंबऱ्याशी आली की
माझा बाप आधी करवती माळ्यावर टाकायचा,
मग आम्हाला.

पुढे गावाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, बाई सांगते.
लोखंडी खांब गंजले, दुकानांत कबुतरं.
मग रंग आला, पाट्या आल्या, भाडं आलं,
आणि फळ्यांवरून चाललेल्यांची नातवंडं
पुलापलीकडे राहायला गेली.
सँडविचच्या कागदाची ती बारीक बारीक घडी घालत राहिली.

आज मधला दरवाजा उतरवला.
सागवानी, निळ्याचे सात थर.
खोबणीतून कुसू सुटला, त्याच्या गालावर कोरलेलं: ४.
इथला नव्हे, आपला चार.
पटाशी डावीकडून कललेली.
मग ५. मग ७.
सहाच्या जागी कुणीतरी पॅकिंगच्या खोक्याची पट्टी ठोकलेली.

बाईने फोटो काढले, वहीत लिहिलं:
जुळणीच्या खुणा, भारतीय.
म्हटलं, बाई, भारत मोठा आहे.
तिने पेन माझ्याकडे दिलं.
दाभोळ? वसई? मुंबईची गोदी?
"माणूस डावखुरा होता," एवढंच लिहिलं. मराठीत.

संध्याकाळी लुलवाबाई आल्या, याच घरात जन्मलेल्या.
दरवाजाकडे त्यांनी पाहिलंही नाही.
कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाल्या,
इथे आमचा फ्रिज होता, पिवळा.
तो कुठल्या वहीत आहे?
डोरीनबाईने पानं चाळली. बराच वेळ चाळली.

उद्या सहावा कुसू करायचा.
लाकूड आलंय, घाण्याचं, वास अनोळखी.
नव्या तुकड्यावर खूण हवी, असा नियम,
पुढे कुणी फसू नये म्हणून.
मी उजव्या हाताचा.
नाही फसणार कुणी.