वरची तार

वणवा विझला तेव्हा चौदा मैल कुंपण गेलं होतं.
खांब राखेत. तार तेवढी उरली,
जळून ठिसूळ, वाकवली की कडकन तुटणारी.
सहा आठवडे मी आणि बेन्यात ती गोळा करत होतो.
बाबा पिकअपमध्ये बसून,
मांडीवर पक्कड.

ही तार त्यांनी ओढली होती
मी चालायला लागले त्या वर्षी.

आता गाईंच्या गळ्यात पट्टे आहेत,
टेकडीवर एक मनोरा, आणि माझ्या फोनवर
बोटाने काढलेली रेघ.
सेजब्रशच्या उतारावरून येऊन ती ओढ्याला वळसा घालते,
राखेतून फुटलेल्या ॲस्पेनला कुणाला तोंड लावू देत नाही.
रेघेपाशी पट्टा शीळ घालतो, मग चढ्या सुरात,
मग आणखी चढ्या. तरीही पुढे गेलीच, तर चटका.
पहिल्या दिवशी चारशे बारा नंबरने तीनदा खाल्ला.
चौथ्यांदा शीळ ऐकली आणि वळली,
घरी काहीतरी विसरल्यासारखी.

कुंपण शेत खातं म्हणतात.
हे नुसत्या बॅटऱ्या खातं.

बाबांनी एक पट्टा कानाशी धरून पाहिला.
"तुझी आई जेवायला हाका मारायची तसंच,"
म्हणाले, "तिसरी हाक आली की समजायचं,
आता काही खरं नाही."

काल संध्याकाळी प्रॉन्गहॉर्नचा कळप आला.
पळण्यात ही हरणं कुणाला हार जात नाहीत,
पण उडी म्हणून घेत नाहीत. तीस वर्षं
तारेखालून सरपटत आली, गेली;
पाठीवर काट्यांच्या रेघा, तिथे केस उगवत नाहीत.
यंदाची पिल्लं सरळ चालत निघून गेली.
एक म्हातारी मादी मात्र थांबली,
पूर्वी खांब होता बरोब्बर तिथे.
गुडघे टेकले, अंग चोरलं,
आणि रिकाम्या हवेखालून पलीकडे निघाली.

आम्ही हसलो. बेन्यात जरा जास्तच.

मग उजेड गेला. ओढ्याकडे उतरताना
बाबा त्याच जागी आले.
एक बूट खालच्या तारेवर दाबला,
वरची हाताने उचलून धरली,
आणि माझ्याकडे बघत राहिले:
चल लवकर, हात भरून येतो.

मी टोपी काढली
आणि वाकून गेले.